खोक्यावरचं फाटलेलं सील

९ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा गेली! बरोबर बाविसाव्या मिनिटाला. कोपऱ्यात टुंग वाजलं आणि डी ड्राइव्ह नाहीशी. पाच दिवसांतली ही नववी वेळ.

लॅपटॉप चालूच राहतो, हे विशेष. विंडोज जुन्या छोट्या ड्राइव्हवर आहे, तिला काही होत नाही. गायब होते ती दुसरी, मोठी, नवी – मी स्वतः बसवलेली. तिच्यावर माझे चौदा पूल आहेत. मार्चपासून गावोगावच्या छोट्या पुलांखाली उकिडवं बसून सेन्सर चिकटवले, वरून दुधाचे टँकर गेले की पूल किती थरथरतो ते नोंदवलं. आता त्या नोंदींचं गणित एका दमात सात तास चालायला हवं. बाविसाव्या मिनिटाला तुटलं की पहिल्यापासून.

नोंदींची प्रत विद्यापीठाकडे आहे, त्या हरवणार नाहीत. पण गणित करायचं कुठे? लॅबच्या मशीनवर माझी पाळी आठवड्यातून एकदा. आणि गाइडना मसुदा दहा ऑक्टोबरला हवा.

बंद करून दहा मिनिटं ठेवला की ड्राइव्ह परत हजर. जणू काही झालंच नाही!

११ सप्टेंबर, गुरुवार

यादी केली आणि एकेक तपासत गेले. ड्रायव्हर नवे टाकले. ड्राइव्हचं फर्मवेअर नवं केलं. डिस्कने मध्येच झोपू नये म्हणून पॉवर सेटिंग बदललं. प्रत्येक बदलानंतर घड्याळ लावून बसले. चोवीस मिनिटं. एकवीस. तेवीस.

इंटरनेटवर प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळंच सांगतो. एकाने लिहिलंय, ‘लॅपटॉप बदला.’ धन्यवाद!

संध्याकाळी नेत्रा माझ्या खोलीत डोकावली. माझी रूममेट, नागपूरची. कोणाचीही फिरकी घेतल्याशिवाय तिला जेवण जात नाही. म्हणाली, “काय करून राहिली बे तू, तीन दिवसांपासून? अन् हे कव्हर काढ आधी. लॅपटॉप आहे का बाइकची सीट?”

कव्हर अण्णांनी शिवलंय. रेक्झिनचं, मरून, पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. फलटणला त्यांचं सीट कव्हरचं दुकान आहे – मोटारसायकल, ट्रॅक्टर, कधी कोणाचा सोफा. मे महिन्यात मी इकडे परदेशात हा लॅपटॉप घेतला, तेव्हा माप फोनवरून घेतलं, दुपारपर्यंत शिवलं आणि कुरिअरने पाठवून दिलं. चार्जरसाठी, माउससाठी बरोबर खाचा. हवेच्या जाळीचं मी सांगितलंच नव्हतं, त्यांना कसं कळणार?

नेत्राला म्हटलं, “हे आमच्याकडचं आहे. राहू दे.”

“तुमच्याकडचं मला माहीत आहे. टेबलाच्या पायांचं प्लास्टिक अजून तसंच आहे तुझ्या. टेबल घेऊन वर्ष झालं यार!”

ते काढणारच आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कव्हर काढलं. चाळीस मिनिटं टिकली! मग गेली. नेत्राला सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज लॅपटॉप उघडला. खालचे नऊ स्क्रू, एका बशीत त्यांच्या जागांप्रमाणे मांडून. ड्राइव्ह म्हणजे च्युइंग गमच्या पट्टीएवढी, वर ॲल्युमिनियमची चपटी पट्टी घट्ट बसवलेली. ती तशीच ठेवून अख्खी बाहेर काढली. टोकाचे सोनेरी दात खोडरबरने घासले. अण्णांच्या दुकानाशेजारचा मोबाइलवाला सगळ्या आजारांवर हेच करतो. परत दाबून बसवली, स्क्रू आवळला.

एक्केचाळीस मिनिटं.

मग मात्र माझ्या कामावर शंका घ्यायला जागा राहत नाही. नऊ ऑगस्टला पहिल्यांदा बसवली तेव्हा व्हिडिओ तीन वेळा बघून बसवली होती. हात साबणाने धुऊन. कुठे ओरखडा पडू दिला नाही, सगळं जसं चकचकीत आलं तसंच चकचकीत ठेवलं. त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, तुझ्या मुलीने लॅपटॉप उघडून परत लावला. आई म्हणाली, “आणि चालू झाला?” झाला होता!

म्हणजे दोष ड्राइव्हचाच. वॉरंटीसाठी नंबर लागेल. खोका कपाटावर आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

खोका काढला. नंबर बाहेरच आहे, पण तो टिपताना हात थांबला. झाकणावरचं गोल सील मधोमध फाटलेलं. ऑगस्टमध्ये मी खोका उघडला तेव्हाही ते तसंच होतं – आत्ता आठवलं, स्पष्ट आठवलं. तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. उत्साहात होते.

परीक्षित म्हणाला होता, “ही नवी आहे. मी वापरलीच नाही.”

परीक्षित म्हणजे माझा सीनियर, मिरजेचा. मे महिन्यात त्याचं एम.एस. संपलं आणि तो नोकरीसाठी इथल्याच दुसऱ्या राज्यात, प्लेनो शहरात गेला. जाणारे सीनियर आपल्या वस्तू ज्युनियरना विकून जातात, ही इथली रीत. आमची कढई, इस्त्री, नेत्राची गादी सगळं तसंच आलंय. मी त्याच्याकडून लॅपटॉप घेतला, सोबत ही ड्राइव्ह. त्याची बस सुटायला पाच मिनिटं होती. बॅग ओढत ओढत म्हणाला, “सगळं खोक्यात आहे, बरं का.”

हो, सगळं! फाटक्या सीलसकट.

नवी म्हणून जुनी दिली. दिली ती दिली, हसून दिली. मी त्याला दोन वेळा थँक्यू म्हटलं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लेक्चरमध्ये लक्ष नाही. बसमध्ये स्टॉप चुकला. ड्राइव्ह राहिली बाजूला, मला माणसाचा राग येतोय.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अण्णांना लोक म्हणायचे, पोरीला एवढं शिकवून काय करणार. अण्णा शिवत राहायचे. गिऱ्हाइकाला कधी हलकं रेक्झिन भारी म्हणून दिलं नाही त्यांनी. आणि इथे इतकं शिकलेला मुलगा एका खोक्यात खोटं भरून देतो!

जानेवारीत नवी बॅच येईल. त्यांतलं कोणीतरी माझ्यासारखंच असेल – घरून पहिलं, कोणाला काही विचारायची लाज वाटणारं. गप्प बसले तर तेही फसेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

‘आपली माणसं’ ग्रुपवर लिहिलं. स्टेट कॉलेजची, म्हणजे आमच्या ह्या विद्यापीठाच्या गावची, आत्ताची आणि जुनी सगळी मराठी मुलं तिथे आहेत, चारशेच्या वर. सहा वेळा खोडून शेवटी हे पाठवलं:

“नव्या मुलांना सावध करण्यासाठी लिहितेय. मी परीक्षितकडून लॅपटॉप आणि ‘नवी’ ड्राइव्ह घेतली. ड्राइव्ह दर अर्ध्या तासाने बंद पडते. खोक्याचं सील आधीच फाटलेलं होतं. सीनियरकडून वस्तू घेताना कृपया सील तपासा. विश्वास ठेवण्याआधी बघून घ्या.”

एक शब्द खोटा नाही. मी जे लिहिते ते बघून लिहिते.

तासाभरात एकतीस अंगठे. कोणीतरी लिहिलं, ‘थँक्स फॉर स्पीकिंग अप.’ बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

नेत्रा म्हणाली, “त्याला आधी एक फोन नाही केला?”

“कशाला? म्हणजे त्याने गोड बोलून गप्प करावं?”

“नाही, असंच विचारलं बे.”

२० सप्टेंबर, शनिवार

परीक्षितचे तीन फोन. उचलले नाहीत. लिहिलं – “जे सांगायचं ते लिहून सांग.”

त्याचं उत्तर पाऊण तासाने. “आत्ता जरा अवघड चाललंय माझं. पण ड्राइव्ह चालत नसेल तर परत घेतो. सॉरी.”

सील का फाटलं, त्यावर एक अक्षर नाही! संध्याकाळी ग्रुपवर करड्या अक्षरांत – परीक्षित हॅज लेफ्ट.

निर्दोष माणूस असा निघून जातो का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी सुशांतदादांचा फोन. याआधी कधी बोललो नव्हतो. दहा वर्षांपूर्वी इथूनच शिकून गेलेले, आता प्लेनोत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ग्रुपवरच्या मुलांची नावं आपल्या कंपनीत सुचवतात. दोघातिघांना नोकऱ्या तशाच लागल्यात.

“चैत्राली, एक विचारू? तू लिहिलंस ते पक्कं आहे ना?”

“पक्कं आहे, दादा.”

“नाही, मी का विचारतोय – परीक्षितची नोकरी गेलीय जुलैअखेर. सगळी टीमच काढली त्यांची. माझ्याकडे एक जागा आहे, मी त्याचं नाव देणार होतो. पण मला एकच नाव देता येतं. मॅनेजर मला विचारतो, माणूस कसा आहे? मी काय सांगू? मी तुम्हा पोरांना ग्रुपवरूनच ओळखतो.”

त्याची नोकरी गेल्याचं मला माहीत नव्हतं.

“सील फाटलेलं होतं, हे तू स्वतः बघितलंस?”

“हो. डोळ्यांनी.”

“आणि तो नवी म्हणाला होता?”

“हो.”

“मग झालं,” ते म्हणाले. “बरं झालं स्पष्ट बोललीस. अभ्यास कर.”

फोन ठेवल्यावर नेत्राला सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. शिक्षण संपल्यावरच्या परवान्यावर नोकरीशिवाय ह्या देशात नव्वदच दिवस राहता येतं. पुढे सामान बांधायचं. ऑगस्टपासून धरले तर त्याचे पन्नास उलटून गेले.

मी खरं तेच सांगितलं. मग जेवण का गेलं नाही?

२४ सप्टेंबर, बुधवार

एकोणचाळीस मिनिटं. काहीही लिहावंसं वाटत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

फुटबॉलची मॅच. सकाळपासून गावभर गाड्या, निळे-पांढरे शर्ट, कुठेही जायची सोय नाही. लॅबपण बंद. घरीच राहिले.

खोलीत गुदमरायला झालं म्हणून खिडकी उघडली. बाहेर चांगलाच गारठा आहे, समोरच्या मेपलचं एक टोक लाल झालंय. टेबलावर पसारा होता, म्हणून लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गणित लावलं.

दोन तास दहा मिनिटं झाली, अजून चालू!

पहिल्यांदाच ड्राइव्हचं तापमान बघायचं सुचलं. आधीच्या नोंदीही तिथेच सापडल्या: टेबलावर बंद पडते तेव्हा त्र्याऐंशी अंश. आत्ता कट्ट्यावर अडुसष्ट.

म्हणजे ती तापते आणि तापून स्वतःला बंद करते. खराब ड्राइव्ह तापणारच – माझंच म्हणणं खरं ठरतंय.

पण मग कव्हर काढल्यावर चाळीस मिनिटं, तीही उष्णताच. आणि मी ती नोंद इथे करून नेत्रापासून लपवली. लपवली का? तेव्हा वाटलं, अण्णांच्या कव्हराला नाव नको. आता वाटतंय, मला एकच उत्तर हवं होतं आणि ते मी आधीच ठरवलं होतं.

कट्ट्यावर ठेवून सात तास काढता येतील का? तिसऱ्या तासाच्या आत गेली. ऊन आलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

अण्णांचा फोन. मागे दुकानाचा आवाज, कोणीतरी शटर ओढत होतं.

“उद्या खंडेनवमी आहे, ध्यानात आहे ना?”

नव्हतं.

“मशीन उद्या बंद. पूजा करायची, हळदकुंकू वाहायचं, काम नाही घ्यायचं. तुझंबी बंद ठेव.”

“अण्णा, मला एक दिवसही परवडत नाही हो आत्ता. आधीच बंद पडतोय तो.”

“बंद पडतोय? आणि मग साफ कधी केलास?”

“पुसते की रोज.”

“वरनं पुसून काय हुतंय! मी बघ, वर्षभर मशीनवर कव्हर टाकून ठेवतो, पण ह्या एका दिवशी सगळं काढतो. सगळं. पत्रा खोलायचा, आतला दोरा काढायचा, प्रत्येक पार्ट हातात घ्यायचा. मग पूजा. देवाला काय कव्हरावर कुंकू लावायचं का?”

हसले. बऱ्याच दिवसांनी.

१ ऑक्टोबर, बुधवार

झेंडू कुठे मिळणार इथे! किराण्याच्या दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्या लावल्यात, पिवळीधमक. एक आणली. टेबल पुसलं, वर्तमानपत्र अंथरलं. अण्णांचं शिवण्याचं माप – जुना पितळी टोकाचा टेप, मी निघताना मागून घेतलेला – तोही ठेवला पूजेत. नेत्रा म्हणाली, “माझा कॅल्क्युलेटरपण ठेव, मिडटर्म आहे.”

मग नऊ स्क्रू. खालचा पत्रा. पंखा ब्रशने झाडला. ड्राइव्ह काढली. आज दात घासून परत नाही बसवली. प्रत्येक पार्ट हातात घ्यायचा म्हणजे घ्यायचा. वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या कडेचे दोन चिमुकले स्क्रू सोडवले आणि पट्टी उचलली.

ती चिकटलेली नव्हती. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल – ती सरळ हातात आली. खाली करडा मऊ पॅड, ड्राइव्हची उष्णता पट्टीपर्यंत पोचवणारा. आणि पॅडवर चकचकीत, पारदर्शक प्लास्टिक. कोपऱ्यात ओढून काढायला निळं टोकसुद्धा! पॅड उलटा केला. दुसऱ्या बाजूलाही.

दोन्ही बाजूंची फिल्म मी काढलीच नव्हती.

नऊ ऑगस्ट लख्ख आठवला. पॅड हातात घेतला तेव्हा ती दिसली होती मला. किती छान चमकतेय, असू दे, खराब होणार नाही – असं मनात म्हटलंही होतं. टीव्हीच्या रिमोटसारखं. टेबलाच्या पायांसारखं. आमच्या घरी फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक सहा वर्षांनी आपोआप गळून पडलं, कोणी काढलं नाही.

दोन महिने ती ड्राइव्ह प्लास्टिक पांघरून भाजत होती आणि मी खोडरबर घासत होते.

फिल्म काढल्या. पट्टी बसवली – आता घट्ट चिकटली. हळदकुंकू वाहिलं, शेवंती वाहिली. आज चालू करायचा नाही म्हणून केला नाही. हात जोडले, पण डोळे मिटवेनात.

नेत्रा दारात उभी होती. तिने टेबलावरच्या दोन पातळ फिल्म बघितल्या, माझ्याकडे बघितलं. एकदाही फिरकी घेतली नाही. ते फार वाईट होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सात तास चार मिनिटं. सलग. तापमान बावन्नच्या वर गेलं नाही. चौदाच्या चौदा पुलांचे आलेख पडद्यावर आहेत. ह्याच क्षणासाठी महिनाभर तडफडले आणि आता त्यांच्याकडे बघवत नाही.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेले. फक्त माझ्यासाठी होतो. सगळ्यांसाठी करायची मुदत केव्हाच गेली. तो तिथेच आहे, त्रेसष्ट अंगठ्यांसकट.

नेत्रा म्हणाली, “लिही मग. जितकं मोठ्याने ते लिहिलं होतं तितकंच मोठ्याने.”

दुपारभर लिहिलं. शेवटी हे गेलं:

“ड्राइव्हबद्दलचा खुलासा. बसवताना माझ्याकडूनही एक छोटी चूक झाली होती, ती सुधारल्यावर ड्राइव्ह सध्या चालते आहे. सीलचा प्रश्न वेगळा आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.”

नेत्राने वाचून फोन परत दिला. “‘माझ्याकडूनही’?”

“सील फाटलेलं होतंच ना! ते तर मी नाही फाडलं.”

“हो बाई. सोनं घे.” असं म्हणून तिने खिडकीखालचं मेपलचं पान माझ्या हातात ठेवलं आणि आत गेली.

परीक्षितलाही तोच मजकूर वेगळा पाठवला. एक टिक. दोन टिका. उत्तर नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुशांतदादांचा फोन. मी करायला हवा होता, त्यांनी केला.

“वाचलं मी. तर नक्की काय ते सांग. ड्राइव्ह चांगली होती?”

“हो. माझी चूक होती, दादा.”

“छोटी?”

“नाही. पूर्ण माझीच.”

“बरं. आणि सील?”

त्यांच्याकडे कोणी मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं, ते त्याला “वन मिनिट, बेटा” म्हणाले.

“हे बघ, वस्तू बिघडते, त्याचं काही नाही. मला एवढंच हवंय – वापरलेली वस्तू नवी सांगून दिली का? तसा मुलगा मी पुढे करणार नाही. सोमवारी सकाळी मला नाव द्यायचंय. दुसरा एक आहे, त्याचं देऊन टाकतो.”

“सील फाटलेलं होतं,” मी म्हटलं. “का, ते मला माहीत नाही.”

“मग त्यालाच विचारायचं ना गं.”

विचारलं. फोन केला, चार वेळा. उचलत नाही. मी तरी कुठे उचलले होते!

४ ऑक्टोबर, शनिवार

पहाटेपासून जागी आहे. पहिलं वाक्य ‘माझी चूक झाली’ असं का नाही लिहिलं मी? खरं बोलायची एवढी हौस, आणि खरं माझ्यावर आलं तेव्हा त्यात ‘ही’ घातला, ‘छोटी’ घातली, वर दसऱ्याच्या शुभेच्छा!

नेत्रा चहा घेऊन आली. म्हणाली, “ती ड्राइव्ह किती तास चालली आहे ते दिसतं ना कुठेतरी? गाडीच्या किलोमीटरसारखं?”

दिसतं. ज्या खिडकीत तापमान दिसतं तिथेच, दोन ओळी खाली. आठवडाभर मी वरची ओळ बघत होते.

चारशे बारा तास.

नऊ ऑगस्टपासून आजपर्यंत सत्तावन्न दिवस. रोजचे सात-साडेसात तास. कागदावर दोनदा मांडलं. माझेच चारशेच्या वर होतात. त्याचे म्हणून दहा तासही उरत नाहीत.

ड्राइव्ह नवीच होती. तो खरं बोलला होता.

नेत्रा म्हणाली, “सांग दादांना.” लगेच लिहिलं, तासांचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर – “तासांचं मला काय कळणार? सील कोणी फोडलं, हे कळलं तर सांग.”

खरंच, कोणी फोडलं? वापरायची नव्हती तर उघडली कशाला?

५ ऑक्टोबर, रविवार

त्या दोन फिल्म अजून टेबलावरच होत्या. फेकवेनात. म्हणून खोक्यात ठेवायला गेले. आतला प्लास्टिकचा ट्रे मी कधी उचललाच नव्हता, इतका नीट बसला होता. आज उचलला. खाली चिकटपट्टीने लावलेला एक बारीक स्क्रू आणि घडी घातलेला कागद. त्याचं अक्षर, मे महिन्याची तारीख.

“चैत्राली, ड्राइव्हचा स्क्रू लॅपटॉपमध्ये नाहीसा झाला तर हा जास्तीचा. पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म आठवणीने काढ! मी पहिल्या वेळी काढली नव्हती, ड्राइव्ह जळाली. आमच्याकडे रिमोटला अजून प्लास्टिक आहे. हे ठेवायला सील फोडावं लागलं, सॉरी. वस्तू नवीच आहे. – परीक्षित.”

कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं – सील त्याने माझ्यासाठी फोडलं होतं. मी त्याला चारशे जणांसमोर खोटं ठरवलं. चूक पूर्ण माझी.

त्याच्या नव्वदातले चोवीस दिवस उरलेत, आणि दादांना नाव उद्या सकाळी द्यायचंय. सुशांतदादांना फोन लावलाय. वाजतोय.